भाड्याची गाणी



‘विकत घेणं’ हा आपल्याकडचा अगदी रोखठोक व्यवहार. बाजारात गेलो, पैसे मोजले, वस्तू पिशवीत टाकली, घरी आणली. पुढे त्या वस्तूचं मी काय करतो, याच्याशी दुकानदाराला देणंघेणं नसतं. मी ती वापरीन, शेजाऱ्याला देईन, जुन्या बाजारात विकीन, नाहीतर माळ्यावर टाकून विसरून जाईन. समजा, दुकानदार मध्यरात्री माझ्या घरात शिरला, कपाट उघडून ती वस्तू घेऊन गेला आणि जाताना टेबलावर पैसे ठेवून गेला, तर आपण त्याला काय म्हणू? पैसे ठेवले म्हणून भला माणूस म्हणू, की पोलिसांना बोलावू?

जुलै २००९ मध्ये अमेरिकेत असंच काहीसं झालं. ‘ॲमेझॉन’ कंपनीच्या किंडल नावाच्या यंत्रावर वाचण्यासाठी लोकांनी जॉर्ज ऑर्वेलची ‘१९८४’ आणि ‘ॲनिमल फार्म’ ही पुस्तकं पैसे देऊन घेतली होती. एके दिवशी ती त्यांच्या यंत्रांतून नाहीशी झाली. ज्याने ती विक्रीला ठेवली, त्याच्याकडे हक्कच नव्हते, असं कंपनीच्या लक्षात आलं. तिने दूरवरूनच पुस्तकं काढून घेतली आणि पैसे परत केले. एक विद्यार्थी शाळेच्या अभ्यासासाठी ‘१९८४’ वाचत होता, वाचता वाचता टिपणं काढत होता. पुस्तक गेल्यावर ती टिपणं कुठल्या वाक्याबद्दल होती, तेच समजेना. कंपनीच्या प्रमुखांनी पुढे जाहीर माफी मागितली. गंमत अशी, की ‘१९८४’चा नायक जुन्या वर्तमानपत्रांतला मजकूर सरकारच्या सोयीने बदलणाऱ्या खात्यात नोकरीला आहे. तिथे नकोसा झालेला कागद भिंतीतल्या भोकात टाकला, की थेट भट्टीत जातो.

हा एखादाच अपघात म्हणावा, तर तसंही नाही. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने ई-पुस्तकांचं आपलं दुकान बंद केलं, तेव्हा लोकांनी घेतलेली पुस्तकंही दुकानाबरोबर गेली. पैसे परत मिळाले, पुस्तकं नाहीत. शेवटी २०२४ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने कायदा केला. ‘विकत घ्या’ असं बटण दाखवून तुम्ही ग्राहकाला फक्त वापराचा परवाना देत असाल, तर तसं त्याला स्पष्ट सांगा, असा तो कायदा. २०२५ पासून तो लागू झाला. इतकी वर्षं लोक नेमकं काय घेत होते, ते असं कायद्याच्या पुस्तकात आलं.

मी मोबाइलचा वैरी नाही, हे आधीच सांगून टाकतो. प्रवासात मीही कानात वायरी घालून गाणी ऐकतो. एखादा शब्द अडला तर विश्वकोश फोनवरच उघडतो, आणि बारीक टाइपातलं पुस्तक डोळ्यांना झेपेनासं झालं की पडद्यावर अक्षर मोठं करून वाचण्यासारखं सुख नाही. माझं म्हणणं एवढंच, की भाड्याच्या खोलीला आपण आपलं घर समजू लागलो आहोत, आणि समजता समजता स्वतःचं घर रद्दीत घालायला निघालो आहोत.

माझे अब्बा एस.टी.त कंडक्टर होते. घरात पैसा बेताचा, पण गाण्याची हौस दांडगी. मामूंनी सौदीहून टू-इन-वन आणला आणि अब्बांच्या पगारातला एक कोपरा दर महिन्याला कोऱ्या कॅसेटींवर खर्च होऊ लागला. ऐंशीच्या दशकात गाणी भरून देणारी दुकानं गावोगाव होती. आपण वहीच्या कागदावर यादी लिहून द्यायची, आठवड्याने जाऊन भरलेली कॅसेट आणायची. कायद्याच्या नजरेने तो व्यवहार सरळ नव्हता, हे त्या वेळी ना दुकानदाराच्या गावी होतं, ना गिऱ्हाइकाच्या. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये एका बाजूला सहा-सात गाणी बसत. शेवटचं गाणं बसेल की मध्येच तुटेल, यावर अब्बा आणि दुकानदार हिशेब करत बसलेले मी पाहिले आहेत. कुठलं गाणं घ्यायचं आणि कुठलं सोडायचं, हे ठरवावं लागे. आज फोनवर कोट्यवधी गाणी आहेत आणि मुलगा दहा सेकंद ऐकून पुढचं लावतो. त्याचा दोष नाही. ज्याचा हिशेब करावा लागत नाही, त्याच्यापाशी माणूस थांबत नाही.

अब्बांकडे अशा दीडशेच्या आसपास कॅसेटी झाल्या. प्रत्येकीच्या कागदावर एका बाजूला उर्दूत आणि दुसऱ्या बाजूला मराठीत त्यांच्या हाताने लिहिलेली नावं. अझीज नाझां, यूसुफ आझाद यांच्या कव्वाल्यांशेजारी बालगंधर्व, बालगंधर्वांशेजारी ‘गीतरामायण’. मोहरमच्या दिवसांत गाणी बंद असत, तेव्हा अब्बा कापसाला स्पिरिट लावून टू-इन-वनचं हेड पुसत, ढिली पडलेली फीत पेन्सिलीने गुंडाळत. जपायची कॅसेट असली की तिच्या मागच्या दोन्ही चकत्या मोडून टाकायच्या, म्हणजे तिच्यावर चुकून दुसरं काही भरलं जाणार नाही.

रेडिओवर चांगलं काही लागलं की टेप रेडिओच्या तोंडाशी ठेवायचा आणि घरातल्या सगळ्यांनी श्वास रोखून बसायचं. अशीच भरलेली पंडित भीमसेन जोशी यांच्या अभंगांची एक कॅसेट आहे. अभंग रंगात आला आहे, पंडितजींचा आवाज वर चढतो आहे, आणि ऐन त्या जागी आमच्या दारात बांधलेला बोकड ओरडतो. पाठोपाठ अम्मीचा दबलेला आवाज, ‘अरे, उसको पाला डालो कोई!’ चार दिवसांवर बकरीद आली होती. हाच अभंग मी नंतर स्वच्छ, निर्मळ ध्वनिमुद्रणात कितीतरी वेळा ऐकला. पण त्या जागी आलो की माझे कान बोकडाची वाट पाहतात. अम्मीला जाऊन अठरा वर्षं झाली. तिचा आवाज असलेली आमच्या घरात तेवढी एकच फीत आहे.

अब्बा २०११ साली गेले. कॅसेटींचं खोकं माझ्याकडे आलं. त्यासाठी पासवर्ड लागला नाही, वारसदाखला लागला नाही. भावाने वीसेक कॅसेटी मागितल्या, त्याला दिल्या. आता माझ्या मुलाचं उदाहरण घ्या. त्याच्या फोनवर दीड-दोन हजार गाण्यांची यादी आहे, कष्टाने जमवलेली, तिला त्याने नावंही छान छान दिली आहेत. महिन्याचे पैसे भरले नाहीत तर त्या यादीला कुलूप किंवा मध्ये मध्ये जाहिराती. कंपनीचा आणि गाण्याच्या मालकाचा करार मोडला की यादीतलं नाव करडं पडतं आणि गाणं मुकं होतं. आणि तो ती यादी त्याच्या मुलांना कशी देणार? बहुतेक कंपन्यांच्या अटींमध्ये खातं दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. भाडेकरूच्या मुलाला निदान पागडीच्या खोलीत तरी हक्क सांगता येतो.

आता कुणी म्हणेल, कवीमहाशय, ही सगळी तुमच्या घरातली हळवी गोष्ट झाली. तर घराबाहेर पडू.

आमच्या मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला गाणं होतं. उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले, त्यांची आठवण म्हणून देशभरातले कलावंत तिथे येऊन सेवा रुजू करतात. खाँसाहेबांनी ख्याल, ठुमऱ्या गायल्या, ‘चंद्रिका ही जणू’सारखी मराठी नाट्यपदंही गायली. त्यांच्या काळातल्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं मावत. तासभर चालणारा राग तेवढ्यात बसवायचा! अत्तराच्या फायासारखा. त्यांच्या ठुमरीची अशीच एक तबकडी, ‘पिया बिन नाही आवत चैन’, कर्नाटकातल्या एका लहान मुलाच्या कानावर पडली आणि तो मुलगा गुरूच्या शोधात घर सोडून निघाला. तोच मुलगा पुढे पंडित भीमसेन जोशी झाला. मैफलीचं आमंत्रण नसलेल्या पोराच्या कानात तेव्हाचा मोठा उस्ताद जाऊन बसला, तो एका लाखेच्या तबकडीमुळे. ती कुणीतरी विकत घेतली होती आणि चारचौघांना ऐकू जाईल अशी लावली होती.

त्याच्याही मागे जा. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांनी ग्रामोफोन कंपनीसाठी गायलं. गाणं संपलं की त्या इंग्रजीत स्वतःचं नाव सांगत. तबकड्या तयार व्हायच्या जर्मनीत हॅनोव्हरला, तिथल्या कारागिरांना चिठ्ठीवर कुणाचं नाव लिहायचं ते कळावं म्हणून. आज ते नाव आपण फोनवर ऐकू शकतो. फोनची ही थोरवी मला मान्य आहे. पण ती फोनवर आली कुठून? तबकड्या जपणारी वेडी माणसं होती, म्हणून आली. चोर बाजारातून, जुन्या वाड्यांच्या माळ्यांवरून, शेराच्या भावाने विकल्या जाणाऱ्या भंगारातून त्यांनी त्या उचलल्या, धुतल्या, पुसल्या. शंभर वर्षांनी कुणाला तरी हे लागेल, म्हणून कुठल्या कंपनीने नव्हे, तर घरोघरी विखुरलेल्या प्रतींनी हा ठेवा वाचवला.

सिनेमाची गोष्ट याच्या उलट झाली, म्हणून ती अधिक बोलकी आहे. सिनेमाच्या रिळा लोकांच्या घरात कधी नव्हत्याच. त्या असायच्या निर्मात्याकडे, वितरकाकडे, गोदामात. आपला पहिला बोलपट ‘आलम आरा’ १९३१ सालचा. त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. भित्तिपत्रकं आहेत, छायाचित्रं आहेत, सिनेमा नाही. मूकपटांच्या काळात आपल्याकडे हजाराहून अधिक चित्रपट निघाले, त्यांतले फारच थोडे उरले, आणि त्यांतलेही बरेच अर्धेमुर्धे. जुन्या नायट्रेटच्या फिती आगीला भुकेल्या. शिवाय त्यांत चांदी असायची, ती काढण्यासाठीही फिती विकल्या गेल्या. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालं. तिथे पी. के. नायर यांनी आयुष्यभर कुठून कुठून डबे गोळा केले, म्हणून दादासाहेब फाळक्यांचं काही तरी आपण पाहू शकतो. पुढे २००३ मध्ये पुण्यातच लागलेल्या आगीत जपलेल्या काही नायट्रेट फितीही गेल्या. एकाच ठिकाणी सगळं ठेवलं की असं होतं. तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडवली आणि ती तरली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. ती लोकांच्या तोंडी होती आणि संताजी जगनाड्यांच्या वह्यांत होती, म्हणून तरली, असं सांगणारेही आहेत. माझ्यासारख्या माणसाला दोन्ही सांगण्यांत फार अंतर वाटत नाही.

आमच्याकडे हाफिज असतात. अख्खं कुराण त्यांना तोंडपाठ. तरीही घरोघरी ताकात, जुजदानात गुंडाळून ग्रंथ ठेवलेला असतोच. छातीतही हवा आणि कागदावरही हवा, ही जुनी शहाणपणाची व्यवस्था. आता तो मोबाइलवरही आहे, आणि फोनवर वाचायला वुजू करावा लागतो का, हा प्रश्न मशिदीत हमखास विचारला जातो.

पुस्तकांबद्दल बोलताना मात्र माझा आवाज थोडा चढतो, कारण तिथे माझं पोट नसलं तरी जीव अडकलेला आहे. मराठी कवितासंग्रहाच्या प्रती निघतात तीनशे, फार तर पाचशे. आवृत्ती संपली की संपली. साठच्या दशकातली लघुनियतकालिकं घ्या, ‘असो’ घ्या, ‘वाचा’ घ्या. ज्यांनी मराठी कवितेचा चेहरामोहरा बदलला, ती पातळ, हलक्या कागदावरची चोपडी आज अभ्यासकाला हवी असतील, तर कुणाच्या तरी घरच्या ट्रंकेचं दार ठोठवावं लागतं. सोलापूरला १९९० साली पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झालं. आम्ही तेव्हा विशीतली पोरं. आपण घरात बोलतो दख्खनी, लिहितो मराठीत, तेव्हा आपण नेमके कोण, हा प्रश्न आम्हाला पडलेला. त्या काळात आमच्या लोकांनी पदरमोड करून पुस्तिका छापल्या, स्मरणिका काढल्या, चार पानी कवितासंग्रहसुद्धा काढले. त्यांचं ई-पुस्तक करायला कुठली कंपनी येणार? त्यात तिला मिळणार काय? मोठ्या भाषांचे खपाऊ लेखक पडद्यावर सुखाने नांदतील. आमच्यासारख्यांचं लिहिणं आहे ते कागदावर. ‘आता सगळं ऑनलाइन मिळतं’ असं म्हणून कुणी घर साफ करायला काढलं, की पहिलं तेच रद्दीत जातं. सगळं ऑनलाइन मिळत नाही, श्रोतेहो. शोधून पाहा. नव्वदच्या दशकात आणि नंतर मराठी नाटकांच्या व्हीसीडी निघाल्या होत्या. त्यांतली कितीतरी नाटकं मला आज कुठल्याही ॲपवर सापडलेली नाहीत.

छापलेल्या पुस्तकाचा आणखी एक गुण म्हणजे ते बदलत नाही. २०२३ मध्ये रोआल्ड डाल यांच्या मुलांच्या पुस्तकांतले काही शब्द आजच्या काळाला खटकतात म्हणून प्रकाशकाने बदलले. बदल बरे की वाईट, यावर दोन्हीकडून बोलता येईल. पण ज्यांनी आधीच ई-पुस्तक घेतलं होतं, त्यांच्यापैकी काहींच्या यंत्रातला मजकूरही आपोआप बदलल्याच्या बातम्या आल्या. माझ्या कपाटातल्या पुस्तकातली चूक चूकच राहील, आणि ती कुणाची होती हे माझ्या नातवाला कळेल.

आणि वाचनालयं. महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. वाचनालय पुस्तकाची एक प्रत विकत घेतं आणि पानं सुटेपर्यंत देत राहतं. सुटली की बांधणी करून पुन्हा देतं. ई-पुस्तकाचं तसं नाही. अमेरिकेत २०११ साली हार्परकॉलिन्स या प्रकाशनाने ग्रंथालयांना अट घातली, की ई-पुस्तक सव्वीस वेळा वाचकांना दिलं, की परवाना संपला, पुन्हा पैसे भरा. का, तर कागदी पुस्तकही इतक्या वापरानंतर झिजतंच! न झिजणाऱ्या वस्तूला झीज लावून देणारा हा हिशेब ऐकून आमचे ग्रंथपाल हसले होते.

माझा पहिला संग्रह आता कुठे मिळत नाही. एका तालुक्याच्या गावी कार्यक्रमाला गेलो असताना तिथल्या वाचनालयात तो दिसला. मागच्या पानावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर तारखांचे शिक्के होते. चोवीस वर्षांत अकरा. सव्वीसची अट आम्हाला लागू असती, तरी त्या हिशेबाने पुस्तक अजून तीसेक वर्षं निभावून गेलं असतं! पण शिक्क्यांकडे पाहून मला वाईट वाटलं नाही. ऐन पावसाळ्यातले तीन शिक्के एकाखाली एक होते, महिन्याच्या अंतराने. कुणीतरी एकाच माणसाने ते पुन्हा पुन्हा नेलं असावं. एका कवितेच्या समासात पेन्सिलीची बारीक खूण होती. कवितासुद्धा मला फारशी आवडत नसलेली. कुणाला आवडली, ते मला कळणार नाही. किती जणांनी पाहिलं, किती सेकंद पाहिलं, असे आकडे आजकाल लेखकाला घरबसल्या मिळतात. त्या पेन्सिलीइतकं त्यांतून काही समजत नाही.

वस्तूंचे दोषही सांगितले पाहिजेत. पावसाळ्यात कॅसेटीला बुरशी धरते. वाळवीला कविता आणि हिशेबाची वही सारखीच. आणि यंत्राचं काय? व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीने २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. घराघरांत लग्नाच्या कॅसेटी पडून आहेत आणि त्या लावायला यंत्र नाही. माझ्या टू-इन-वनचा पट्टा बदलून देणारे चाचा आता सत्तरीत आहेत, त्यांचा मुलगा मोबाइल दुरुस्त करतो. म्हणून मी अब्बांच्या कॅसेटी संगणकावर उतरवून घेतल्या. बोकडासकट! त्या फायली माझ्या स्वतःच्या डिस्कवर आहेत, भावाकडे आणि मुलाकडेही एकेक प्रत आहे. माझं भांडण फायलीशी नाहीच. फाइल माझ्या ताब्यात असेल, मला ती कुणाला देता येत असेल, तर ती कॅसेटीची धाकटी बहीणच. भांडण आहे ते दुसऱ्याच्या गोदामात ठेवलेल्या आणि माझी म्हणून मला विकलेल्या गाण्याशी. पुस्तकाला मात्र पट्टा लागत नाही, वीज लागत नाही. उजेड आणि डोळे असले की झालं. म्हणून माझ्या लेखी पहिला मान पुस्तकाचा.

हल्ली तबकड्यांची फॅशन परत आली आहे. अमेरिकेत २०२२ मध्ये तबकड्यांची संख्या सीडींच्या पुढे गेली, १९८७ नंतर पहिल्यांदाच. आपल्याकडेही दोन-तीन हजारांची नवी एल.पी. घेऊन दिवाणखान्यात चौकटीत लावणारी मंडळी आहेत. लावू द्या बापडे. पण जी वाजत नाही आणि कुणाला दिली जात नाही, ती तबकडी आणि काचेतली फुलदाणी यांत मला फरक दिसत नाही. वस्तू जवळ ठेवायची ती हात बदलण्यासाठी.

त्यासाठी माझ्याकडे एक लांबट वही आहे. कुणी पुस्तक किंवा कॅसेट नेली की तारीख, नाव लिहायचं, परत आली की रेघ मारायची. आज सकाळी चाळली, तर एकोणचाळीस नोंदींवर रेघ नाही. सर्वांत जुनी नोंद १९९८ सालची आहे. एका शिक्षकमित्राने अमर शेखांवरचं पुस्तक नेलं होतं, पुढे त्यांची बदली कोकणात झाली. सर, आपण हे भाषण ऐकत असाल, तर पुस्तक परत पाठवू नका. एव्हाना ते तुमच्याकडे नसेलच, अशी माझी अटकळ आहे. कुणाला दिलंत, तेवढं एका कार्डावर कळवा. वहीत त्यांचं नाव लिहून ठेवतो.